अबोल्याचा आलेख

मिरजेत स्टेशनच्या मागच्या बाजूला एका इमारतीत कवळ्या बनवणाऱ्या दोन प्रयोगशाळा होत्या. एक पहिल्या मजल्यावर, दुसरी दुसऱ्यावर. दोन्हीकडं चौदा-चौदा माणसं. दोन्हीकडची यंत्रं एकाच विक्रेत्याकडून आलेली. जिना एक, पाण्याची टाकी एक, दुपारचा चहासुद्धा एकाच टपरीवरून यायचा. तरीही पहिल्या मजल्यावर 'ओघ' चार वर्षं सुखानं नांदत होता आणि दुसऱ्या मजल्यानं तो नऊ दिवसांत उचलून बाहेर ठेवला होता.

असं का व्हावं, हे शोधणं ही शाल्मली मगदूमची नोकरी होती. ओघ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत तिला सहा वर्षं झाली होती. २०४१ च्या श्रावणात तिचे वरिष्ठ नचिकेत दळवी यांनी राज्यभरात ओघ लावून पाहिलेल्या नऊ हजार धंद्यांची यादी तिच्यापुढं टाकली आणि म्हणाले, "कुठल्या प्रकारचे धंदे ओघ घेतात आणि कुठले घेत नाहीत, एवढंच सांग. मला वाटलं होतं मोठे घेतील, छोटे नाही. तसं नाहीये. कारखाने घेतील, दुकानं नाही, असंही नाहीये. मग आहे तरी काय?"

शाल्मलीनं सगळं घालून पाहिलं. धंद्याचा प्रकार, माणसांची संख्या, मालकाचं वय, शिक्षण, गाव. मंडपवाले होते तसे यंत्रमागवाले होते, इस्पितळं होती तशी आचाऱ्यांची कंत्राटं होती, आणि प्रत्येक प्रकारात घेणारे निम्मे, न घेणारे निम्मे. कंटाळून एकदा तिनं मालकांच्या राशीही घालून पाहिल्या. त्यातूनही काही निघालं नाही, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

ओघ ही चीज समजायला अवघड नाही. कुठल्याही धंद्यात काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. दंतवैद्याकडून जबड्याचा ठसा येतो, एक जण त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, दुसरा मेणात दात बसवतो, तिसरा भट्टी सांभाळतो, चौथा घासूनपुसून पाठवून देतो. पूर्वी हे सगळं वहीत, फळ्यावर नाहीतर मालकाच्या डोक्यात असायचं. मग अशी सॉफ्टवेअर आली की ज्यांत एक ओळही प्रोग्राम न लिहिता, पडद्यावर चौकटी ओढून आणि बाण जोडून, आपल्या कामाची कोष्टकं आपल्यालाच मांडता यायची. ओघ त्याच्या पुढची पायरी. त्याला चौकटीही ओढून द्याव्या लागत नसत. पहिले दोन दिवस तो नुसता बघत बसायचा. कुठलं यंत्र कधी सुरू झालं, कुठली वस्तू कुणाच्या टेबलावरून कुणाकडं गेली, कुठं पडून राहिली. मालकानं आपल्या बोलीत चार गोष्टी सांगायच्या, बाकीची कोष्टकं आणि नियम तो स्वतःच रचायचा. रचून गप्पही बसायचा नाही. काम कुठं अडतंय ते हुडकून रोज एखादा नियम बदलायचा. काम अडू नये, एवढं एकच त्याला कळत होतं आणि ते फार चांगलं कळत होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या रझियाबाई मुजावर पन्नाशीच्या होत्या. कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ, आणि आवाज असा की जिन्यातच ओळख व्हावी.

"तुमचं यंत्र चांगलं हाय हो," त्या शाल्मलीला म्हणाल्या, "पण त्याला उशीर लई व्हायचा."

"उशीर? ओघचा निरोप अर्ध्या सेकंदात पोचतो."

"आणि मी इथनं ओरडले तर?" असं म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून मान मागं टाकली. "ए सलमा, कुपवाडचा खालचा जबडा झाला गं!"

"उचललाय मी, आपा!" पलीकडून उत्तर आलं.

"बघितलं? ती माझ्या हाकेच्याबी आधी उठलेली. माझा हात थांबला की तिला कळतंय. तुमचा निरोप येईतवर काम निम्मं झालेलं असायचं. मग ते यंत्र तांबडं व्हायचं आणि विचारायचं, निरोप मिळण्याआधी काम का सुरू केलं? आता याचं उत्तर आम्ही काय द्यायचं?"

शाल्मलीला हसू आलं. ती तशीच खालच्या मजल्यावर उतरली. तिथं इतकी शांतता होती की दात घासणाऱ्या यंत्राची बारीक घरघर स्वच्छ ऐकू येत होती. देशिंगे आणि कोरे असे दोन भागीदार, दोघांच्या दोन काचेच्या खोल्या, मध्ये सगळी माणसं खाली मान घालून कामात. कोऱ्यांनी तिला आग्रहानं बसवून घेतलं.

"ओघ आल्यापासून आमच्यात एकदाबी वाद न्हाई," ते अभिमानानं म्हणाले.

"आधी फार व्हायचे का?"

"आधी बोलणंच बंद होतं की." कोऱ्यांनी काचेतून समोरच्या खोलीकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "त्याच्या पोरीच्या लग्नात सगळ्यांना मानाचे फेटे बांधले. मला सोडून. पंचवीस वर्षांची भागीदारी, आणि मला फेटा न्हाई! धंदा मोडायच्या घाईला आलेला. मग ओघ घेतला. आता मी माझं टाकतो, तो त्याचं बघतो. तोंड बघायची गरज पडत न्हाई."

शाल्मली जिन्यात येऊन थांबली. वरून रझियाबाईंचा आवाज येत होता, खालून काहीच येत नव्हतं. आपण नऊ हजार धंद्यांना नको ते प्रश्न विचारत होतो, असं तिला वाटलं आणि तिला विलक्षण आनंद झाला. कोडं सुटण्याआधी क्षणभर होतो तो आनंद.

पुढचे आठ दिवस ती त्या एका कल्पनेच्या मागं लागली. ओघच्या नोंदींत प्रत्येक कामाच्या दोन वेळा असत. एक, पुढच्या माणसाला निरोप गेल्याची. दुसरी, त्यानं खरोखर यंत्र सुरू केल्याची. जिथं माणसं एकमेकांशी बोलतात तिथं काम बऱ्याचदा निरोपाच्या आधी सुरू होतं, कारण कुणीतरी हाक मारलेली असते, मान हलवलेली असते, जाता जाता सांगितलेलं असतं. जिथं बोलत नाहीत तिथं निरोप आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. शंभरातली किती कामं निरोपाच्या आधी सुरू झाली, हा आकडा तिनं काढला आणि त्याला नाव दिलं 'हाक'. रझियाबाईंच्या नऊ दिवसांची हाक होती एकाहत्तर. खालच्या मजल्याची तीन.

आलेख मांडला तेव्हा नऊ हजार ठिपके शहाण्यासारखे एका रेषेत उभे राहिले. हाक जितकी कमी तितका ओघ लवकर रुजत होता. मंडपवाले असोत की इस्पितळवाले, जावा-जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, बाप-लेकाचं फाटलं होतं, भागीदारांत अढी होती, तिथं ओघ हटकून होता.

नचिकेतना फोनवरच आनंद आवरेना. "अगं, हे भलतंच निघालं! म्हणजे ज्यांचं आपसात पटत नाही तेच आपले ग्राहक! शोधून काढता येतील. अहवाल पाठव, आजच."

"थोडं थांबा," शाल्मली म्हणाली. "चार वर्षांनी त्यांचं काय होतं, तेही बघते."

ते बघितलं तेव्हा आनंद जरा ओसरला. ज्यांची हाक सुरुवातीला वीस होती त्यांची दोन वर्षांत नऊ झाली होती, चार वर्षांत दोन. एकाही ठिकाणी ती परत वर चढलेली नव्हती. आणि याचं कारण साधं होतं. घरात अबोला धरलेली माणसंही गॅस संपला की बोलतात. कुणीतरी काहीतरी मागतं, दुसरा तुसडेपणानं का होईना उत्तर देतो, आणि गाडी पुन्हा सुरू होते. काम अडतं म्हणून अबोला सुटतो. ओघ काम अडूच देत नव्हता.

मग इतके दिवस जे करायचं ती टाळत होती ते तिनं केलं. यादीतली अगदी पहिली नोंद उघडली. मगदूम फाउंड्री, शिरोली. तिच्या वडिलांची आणि काकांची.

सुकुमार आणि भूपाल मगदूम या भावांनी मिळून ती फाउंड्री उभी केली होती. सुकुमार, म्हणजे शाल्मलीचे पप्पा, वाळूचे साचे बघायचे आणि भूपालकाका भट्टी. २०३४ साली पंपांच्या चारशे कवचांत छिद्रं निघाली आणि सगळा माल परत आला. पप्पा म्हणाले लोखंडाचा रस थंड होता. काका म्हणाले साच्याची वाळू ओली होती. दोघं त्या दिवशी साऱ्या कामगारांसमोर नको नको ते बोलले आणि मग बोलायचेच थांबले. शाल्मली तेव्हा नुकतीच इंजिनिअर होऊन घरी आली होती. वर्षभर तिनं पटांगण ओलांडून निरोप वाहिले. पप्पांना सांग, काकाला विचार, त्याला म्हणावं, त्यांना म्हणावं. रोज वीस-वीस फेऱ्या. शेवटी ती वैतागली. ओघच्या कंपनीत तिला नोकरी लागली आणि तिनं पहिला ओघ बसवला तो स्वतःच्या घरी. दोघांनी तो एका दिवसात स्वीकारला, तेव्हा तिला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं! खरं तर तिला सुटका हवी होती, आणि ती मिळाली होती.

मगदूम फाउंड्रीची हाक होती शून्य. अकरा हजार कामांत एकदाही नाही.

ती खाली खाली वाचत गेली. पप्पांची पाळी सकाळी सात ते दुपारी अडीच, काकांची तीनपासून पुढं. मधला अर्धा तास कुणी ठरवला नव्हता. दोघं एका वेळी हजर असले की कामाचा वेग घटतो, हे ओघच्या लक्षात आलं आणि त्यानं त्यांना हलक्या हातानं वेगळं केलं.

आणि क्षमावणी. दशलक्षण पर्व संपलं की जैन घरांत क्षमावणी येते. लहान-मोठं न बघता एकमेकांसमोर हात जोडायचे आणि वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. समोर जाऊन मागायची, हीच त्यातली अवघड गोष्ट. ओघ बसवताना शाल्मलीनं घाईघाईत 'सणावारांचे संदेश' या ओळीपुढं खूण केली होती. दिवाळी, दसरा, क्षमावणी. तेव्हापासून पाच वर्षं, दर क्षमावणीला, ओघ पप्पांच्या नावानं काकांना आणि काकांच्या नावानं पप्पांना क्षमायाचना पाठवत होता. खाली एक बटण असायचं, 'क्षमा केली'.

ते बटण मात्र माणसंच दाबत होती. पहिल्या वर्षी पप्पांनी तीन तास घेतले होते. दुसऱ्या वर्षी चाळीस मिनिटं. गेल्या वर्षी चार सेकंद. काका दरवेळी संदेश सकाळी उघडून ठेवत आणि संध्याकाळी दाबत. पाचही वर्षं दोघांनी एकमेकांना क्षमा केली होती. मागितली कुणीच नव्हती.

सर्वांत खालची नोंद पंधरा दिवसांपूर्वीची होती. दोन विभागांत एका कोष्टकापलीकडं काही संबंध उरलेला नाही, सबब त्यांचे दोन स्वतंत्र कारखाने केल्यास विलंब घटेल, असा प्रस्ताव ओघनं दोघांना पाठवला होता. भावाचे निरोप जिथं येतात त्याच चौकटीत. दोघांनीही 'मंजूर' केलं होतं. सोमवारी वकिलाकडं सह्या होत्या.

शनिवारी दुपारी सव्वादोनला शाल्मली फाउंड्रीत पोचली. पप्पा ऑफिसात हात पुसत उभे होते.

"आज कसं काय? कळवलं न्हाईस."

"काम होतं. बसा जरा."

"अडीचला माझी वेळ संपती."

"आज तीनपर्यंत थांबा."

"तीनला तो येतोय."

"म्हणूनच थांबा," शाल्मली म्हणाली. "पप्पा, वाटणी का मंजूर केलीत?"

पप्पांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. "त्याला पायजे होती. केली. वरसा-वरसाला पत्रात क्षमा मागतोय, आणि चार पावलं चालून समोर यायला जमत न्हाई त्याला. मी म्हटलं, ह्या क्षमावणीला येईल, पुढच्या क्षमावणीला येईल. आली ती वाटणी. मग म्हटलं घे बाबा, तुझं तू बघ."

हे सांगताना त्यांचा आवाज किंचित फाटला. शाल्मलीनं बापाला असं कधी ऐकलं नव्हतं. तिनं ओघचा पडदा त्यांच्यासमोर ओढला आणि एकेक ओळ दाखवत गेली. ही क्षमा काकांनी लिहिलेली नाही. ही वाटणी काकांनी मागितलेली नाही. हे सगळं ओघनं केलं, आणि ओघला तशी मुभा मी दिली.

"तू?"

"खूण मी केली होती. तुमचे निरोप वाहून मला कंटाळा आला होता, पप्पा. मी सुटले आणि परत वळून बघितलं नाही. चुकलं माझं."

 पप्पा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले, चष्मा कपाळावर चढवून, बोट पडद्यावर ठेवून. तिसऱ्या वर्षापाशी बोट थांबलं. शाल्मलीला वाटलं, आता ते उठतील आणि निघून जातील. गेले असते तर तिच्याकडं दुसरा उपाय नव्हता. माणसांना वेगळं ठेवायचा नियम तिला बदलता येत होता, एकत्र आणायचा नियम ओघमध्ये नव्हताच.

तीनला पाच कमी असताना दार उघडलं. भूपालकाका आत पाऊल टाकता टाकता थांबले. सहा वर्षांत भाऊ इतक्या जवळ आला नव्हता. त्यांनी पुतणीकडं बघितलं.

"शालू, अण्णांना म्हणावं, वेळ संपली त्यांची."

"मी नाही सांगणार, काका."

हे वाक्य तिनं या दोघांना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकवलं. काका दारात घोटाळले. मागं फिरायला वाटही होती आणि कारणही. पण तेवढ्यात पप्पांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. काका वाकून वाचू लागले. बाहेर मोल्डिंगच्या यंत्राचा ठोका एकसारखा पडत होता.

"वाटणी मी मागितलेली न्हाई," काका वाचून झाल्यावर शाल्मलीला म्हणाले.

"मग मी मागितली व्हय?" पप्पाही शाल्मलीलाच म्हणाले.

"माझ्याकडं बघून बोलू नका," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिशीला टेकलेल्या, नऊ हजार धंद्यांचा छडा लावलेल्या बाईला हे शोभत नव्हतं, पण तिला दुसरं काही सुचलं नाही.

 मग पप्पांचा आवाज आला, आणि तो तिच्या दिशेनं नव्हता.

"वाटणीचं ऱ्हाऊ दे. क्षमा तरी तू मागितलेलीस का न्हाई?"

"न्हाई."

"पाच वर्षांत एकदाबी?"

"न्हाई, अण्णा. मला वाटलं तुमची आली. थोरला असून मागतोय म्हटलं, लई वाईट वाटलं. दिवसभर हात झाला न्हाई माझा. पण केली मी."

"मी कुठं मागितली?"

"ते दिसतंय की आता."

पप्पांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. "मग पाच वर्षं मी माफ केलं ते कुणाला?"

 "मलाच केलंसा की, अण्णा. मी मागितली न्हवती, एवढंच."

 मागं वळावं की नाही ते शाल्मलीला समजेना. इतक्यात पप्पाच म्हणाले, "शालू, तू बाहेर जा."

"पप्पा..."

"जा म्हटलं ना. आता आमच्या मधी तुझं काम न्हाई."

ती बाहेर आली आणि तिनं आपल्या हातानं दार ओढून घेतलं.  मग काकांचा आवाज चढला, त्यावर पप्पांचा चढला. मोल्डिंगवाल्यांनी यंत्र थांबवून माना वळवल्या. आता दोघं एकदमच बोलत होते, आणि कोण काय म्हणतंय ते कळायला काही मार्ग नव्हता.